रुग्णवाहिकेवरच्या मुलाचे म्हातारपण

रात्री-अपरात्री सूनबाईला कळा सुरू होतात, रानात कोणाला पान लागते. आपण 108 फिरवतो आणि गाडी दाराशी येते. महाराष्ट्रात ही सेवा 2014 साली सुरू झाली. गाडीवर डॉक्टर असतो, चालक असतो. यांतले कितीतरी तरुण तुमच्याआमच्याच घरचे. पण नोकरी ठेकेदाराकडची, सरकारी पेन्शन नाही. मग म्हातारपणी काय?

काहीच नाही, असे समजू नका. पगारातून भविष्य निर्वाह निधीसाठी 12 टक्के कापले जातात. तेवढेच मालक भरतो आणि मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन खात्यात जातात. अशी 10 वर्षे भरली, की वयाच्या 58व्या वर्षापासून पेन्शन मिळते. हिशेब सोपा आहे: पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. पगार 15,000 रुपये आणि नोकरी 14 वर्षे धरली, तर महिना 3,000 रुपये. रक्कम मोठी नाही, पण औषधपाण्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

घोटाळा होतो तो मध्येच. ठेकेदार बदलतो, नोकरी सुटते, घरात बहिणीचे लग्न असते. मुलगा फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे काढून घेतो. 10 वर्षांच्या आत ते काढले, की मागची वर्षे पुसली जातात. म्हणून नव्या ठेकेदाराला जुनाच यूएएन क्रमांक द्यावा आणि खाते वर्ग करून घ्यावे. नवी नोकरी लांबणीवर असेल, तर 10-सी अर्ज भरून योजना प्रमाणपत्र मागावे. त्याने जुनी वर्षे जमा राहतात.

ग्रॅच्युइटीची अट 1972च्या कायद्याने 5 वर्षांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला ती एका वर्षावर आणली आहे. तेव्हा नेमणुकीचा कागद नीट वाचा. त्यावर काय लिहिले आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आणखी एक. नोकरीत असताना मुलाचे बरेवाईट झाले, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या पत्नीला पेन्शन मिळते. त्यासाठी वारस नोंद हवी. मुलगा सुट्टीवर आला, की ती झाली आहे का, हे आधी विचारा. पगाराच्या पावत्याही पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याशेजारी जपून ठेवा.