'सीआयडी' म्हणण्याआधी

देवगाव फाट्यावरची मुले कुणाला 'सीआयडी' म्हणतात तेव्हा त्यांना पोलीस अभिप्रेत नसतो. चुगली करणारा, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा, एवढाच त्याचा अर्थ. शब्द मात्र सरकारी आहे. 1902 साली नेमलेल्या पोलीस आयोगाने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग असावा अशी शिफारस केली. त्याच विभागाची ही इंग्रजी आद्याक्षरे. 1956 चा देव आनंदचा चित्रपट आणि 1998 पासूनची टीव्ही मालिका यांनी ती घरोघरी पोहोचवली.

मराठीत या कामाला आधीपासून 'हेर' होता. पेशवेकालीन पत्रांत 'जासूद' भेटतो. तो बातम्या आणि पत्रे पोहोचवी. हा जासूद म्हणजे आपल्या उर्दूतला 'जासूस'. शब्द अरबी आहे आणि त्याच्या मुळाशी हाताने चाचपणे हा अर्थ आहे. हकीम नाडी चाचपतो तसे. 'खबऱ्या'ही अरबी 'खबर'वरूनच आला. वर्तमानपत्राला आपण 'अखबार' म्हणतो, ते याच 'खबर'चे अनेकवचन.

जासूसच्याच धातूपासून 'तजस्सुस' होतो. उर्दूत त्याचा अर्थ जिज्ञासा असाही होतो, आणि ती विद्यार्थ्यात हवीच. पण सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत याच धातूच्या क्रियापदाने लोकांच्या खाजगी गोष्टी उकरण्यास मनाई केली आहे. त्याच आयतीत वाईट संशय आणि पाठीमागची निंदा यांनाही मनाई आहे. तिन्ही गोष्टी एकत्र येतात, कारण संशयातून टेहळणी आणि टेहळणीतून गीबत जन्मते. पुढची आयत अल्लाहच्या 'खबीर' या नावाने संपते. सर्व खबर ठेवणारा तो आहे. शेजारच्या घराची खबर ठेवणे हे आपले काम नाही.

मग प्रत्येक सांगणारा चुगलखोर ठरतो का? नाही. वर्गात दुबळ्या मुलाला रोज मार बसतो आणि एखादी मुलगी ते येऊन सांगते. मुले तिला 'सीआयडी' म्हणतात, घरीही 'तुला काय करायचंय?' असे ऐकावे लागते. अशी मुले पुढे बोलायची थांबतात, हे आम्ही शिक्षक पाहतो. मार खाणारा मग एकटा पडतो.

फरक हेतूचा आहे. कुणाचा ऐब उघडा पाडण्यासाठी सांगणे ही चुगली. कुणावरचा जुलूम थांबावा म्हणून सांगणे ही साक्ष. आपले मूल काही सांगत आले, तर त्याला नाव ठेवण्याआधी एवढेच विचारावे: 'बेटा, हे सांगून कुणाचं भलं होईल?' उत्तर मिळाले, तर पुढची जबाबदारी आपली.