जवसाचे तेल आणि लक्ष्मीचा चेहरा

शिरूर-दौंड भागात जुन्या घरांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर आजही दिसते. यातल्या कितीतरी मूळच्या राजा रविवर्मांच्या. १८९४ साली मुंबईत निघालेला त्यांचा छापखाना पुढे आपल्याच जिल्ह्यात, मळवलीला आला. दौंड तालुक्यातल्या एका घरी मुलगी अशीच तसबीर समोर ठेवून तैलरंगात लक्ष्मीचा चेहरा काढत होती. वडील म्हणाले, "साहेब, दुसऱ्याचं बघून काढायचं, त्यात काय शिकणं?"

तर ऐका. १८६८ साली त्रावणकोर दरबारात थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला. त्याला रंगवताना बघून बघूनच रविवर्मा तैलरंग शिकले.

रीत अशी. तसबिरीच्या काचेवर चौकटी आखा, कॅनव्हासवरही तेवढ्याच आखा आणि चौकटीगणिक रेषा उतरवा. गावनकाशा लहानाचा मोठा करतात तसंच. मग तपकिरी रंग तारपिनात पातळ करून आधी फक्त उजेड-सावली लावा. कातडीचा रंग त्यानंतर. खालचा थर पातळ, वरच्यात तेल जास्त. उलटं केलं तर पुढे रंगाला भेगा पडतात.

हे तेल आपल्या जवसाचंच, पण चित्रकामासाठी शुद्ध केलेलं घ्यावं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून प्रत्येक थर वाळायला काही दिवस द्या. या तेलाच्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नका. ओल्या कडब्याची गंजी तापते तशा त्या आतून तापतात आणि पेटही घेतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

तसबीर ही शेवटी छपाई. खरे रंग बघायचे तर सातारा जिल्ह्यात औंधला जा. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथं भवानी संग्रहालय उघडलं. तिथं रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. सरपंच आणि गुरुजींनी शाळेची एक सहल तिकडे न्यावी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी मुलं तर आवर्जून न्यावीत.

चित्र पुरं झालं की खाली "रविवर्मांच्या चित्रावरून" असं प्रामाणिकपणे लिहावं. यावर पोट भरेल, असं मी त्या वडिलांना सांगितलं नाही. त्या लक्ष्मीचा डावा डोळा अजून जमलेला नाही. पोरीनं तो तिसऱ्यांदा पुसलाय. एक हंगाम फसला म्हणून आपण पेरणी सोडतो का?