सरकारी दवाखान्यात दात नुसता उपटतात?

"सरकारी दवाखान्यात जाऊन काय करतीस? दात उपटून हातात देत्यात." संकेश्वरच्या स्टँडवर गालाला पदर दाबून बसलेल्या एका मावशींना शेजारणीने परवा हा सल्ला दिला. मावशींनी मान डोलावली आणि कनवटीची लवंग काढून दुखऱ्या दाढेखाली धरली. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. ते साफ खोटं असतं तर बरं झालं असतं. ते निम्मं खरं आहे, म्हणून निघता निघत नाही.

दाढ ठणकली की माणूस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथं दातांचा डॉक्टर सहसा नसतो. केंद्र सरकारच्या मानकांप्रमाणे डेंटल सर्जनची जागा एक पायरी वर, समुदाय आरोग्य केंद्रात असते. त्याच्या पुढे तालुका रुग्णालय, म्हणजे आपल्यासाठी हुक्केरी, आणि शेवटी बेळगावचं जिल्हा रुग्णालय. माणूस चुकीच्या दारातून दुखण्याची गोळी घेऊन परततो आणि गावभर सांगतो, सरकारीत दातांचं काही होत नाही. पोस्टात जाऊन रॉकेल मागण्यातला प्रकार. (पाटी कानडीत असते ही अडचण मोठी नाही. 'दंत' हा शब्द तिथंही तोच आहे, आणि केसपेपरच्या खिडकीवर 'हल्लु नोवु' एवढं म्हटलं तरी पुढचं बोट दाखवतात.)

आता उपटण्याबद्दल. दाताचं दुखणं एका रात्रीत येत नाही. आधी काळा ठिपका दिसतो, मग गार पाणी झोंबतं, मग गोड खाल्लं की कळ येते. इथवर सगळे गप्प. रात्रीचा ठणका सुरू झाला की मेडिकलमधून गोळी. कीड आत पोचून नस मेली की दुखणं थांबतं, आणि 'बरं झालं' म्हणून माणूस आणखी सहा महिने काढतो. शेवटी मुळाशी पू धरतो, गाल सुजतो, तेव्हा दवाखाना आठवतो. अशा दाढेत सिमेंट भरून उपयोग नसतो. रूट कॅनॉल करायचं तर एक्स-रे लागतो, दोन-तीन खेपा लागतात, वर कॅपचा खर्च असतो. बाहेर रांग, आत एकटा डॉक्टर, आणि पेशंट म्हणतो, "आजच काय ते करून टाका." मग काय करणार? तीच दाढ गार पाणी झोंबत होतं तेव्हा दाखवली असती, तर बहुतेक वेळा एका बैठकीत भरून झाली असती.

दोष सगळा पेशंटचा, असं मात्र मी म्हणणार नाही. कुठे जागा रिकामी असते, कुठे खुर्ची असते पण कॉम्प्रेसर बंद, कुठे भरायचं सिमेंट संपलेलं. देशात ३०० हून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, पण तिथून बाहेर पडणारे बहुतेक डॉक्टर शहरात पाटी लावतात. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम सुरू व्हायला २०१४-१५ उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडची टूथपेस्ट, दात भरायचं ग्लास आयनोमर सिमेंट आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं तेही २०२१ साली. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, हा त्याच संघटनेचा २०२२ च्या अहवालातला आकडा. म्हणजे दाताला दुय्यम मानण्यात आपण एकटे नाही. पण डॉक्टर नाही म्हणून तक्रार करणं वेगळं, आणि आहे तिथंही न जाणं वेगळं.

'दातांना सरकारी योजना नाही' हेही असंच अर्धवट. कर्नाटकाने २०१४ मध्ये 'दंत भाग्य' आणली: साठीपुढच्या बीपीएल ज्येष्ठांना डेंटल कॉलेजांमार्फत मोफत कवळी, नंतर वयाची अट ४५ वर आली. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीत २०१३ पासून दातही पाहायचे असतात. आयुष्मान कार्डावर मात्र साधी दाढ भरून मिळत नाही. ते जबड्याच्या शस्त्रक्रियेला आणि कॅन्सरला उपयोगी पडतं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना द्यायचं ठरवलं आणि दोन राज्यांत जुंपली. ती योजनाही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. किडक्या दाढेला सीमाप्रश्न नसतो.

बाकीचे समज झटपट. वरची दाढ काढली की नजर जाते: दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या, नजर जात नाही. दात साफ केले की हलतात: ते आधीच हलत होते, खडा त्यांना धरून होता. बाजारात धूर देऊन दाखवतात ते किडे दातातले नसतात. कीड म्हणजे जंतूंनी साखरेपासून केलेलं आम्ल. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडू नका, पक्क्या दातांची जागा तेच राखतात. गरोदरपणी उपचार चालतात, मधले तीन महिने सर्वांत सोयीचे.

मिसरीसाठी एक ओळ पुरत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात तव्यावर तंबाखू भाजायचा खमंग वास पहाटेच्या चहाआधी येतो, आणि 'मिसरीने हिरड्या घट्ट होतात' हे सासूकडून सुनेकडे जातं. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून दुखत नाही. आतून ती सुटतच असते. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्राने १९९२ मध्येच बंदी केली. कंपनीवरची बंदी घरच्या तव्यापर्यंत कशी पोचणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात कर्नाटकातले १६.३ टक्के आणि महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेला तंबाखू वापरत होते. आपण या दोन आकड्यांच्या मधोमध राहतो.

सरकारी कार्यक्रमाप्रमाणे तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड दर पाच वर्षांनी कॅन्सरसाठी तपासायचं असतं, फुकट. आशाताई घरी येऊन वय आणि तंबाखू विचारतात तो त्याचाच फॉर्म. मिसरी लावत असाल तर तेव्हा "नाही" म्हणू नका. आणि तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखायची वाट न बघता रेशन कार्ड घेऊन सकाळच्या ओपीडीला जा. सुरुवातीला ती दुखत नाही.