गोव्याच्या चर्चशाळेतले सूर

कॅथलिक शाळा म्हटली की बडोद्यातल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे फत्तेगंजातले कॉन्व्हेंट किंवा प्रतापगंजातली रोझरी शाळा उभी राहते. कडक इस्त्रीचा गणवेष, इंग्रजी प्रार्थना, वेळेची शिस्त आणि प्रवेशासाठी आईबापांनी घातलेले खेटे, एवढे चित्र आपल्या ओळखीचे आहे. परंतु याच पंथाची एक प्राथमिक शाळा अशी होऊन गेली की जिला शहराची गरज नव्हती आणि इंग्रजीचीही नव्हती. गोव्यातील खेड्यापाड्यांत चर्चच्या सावलीत ती भरे. पोर्तुगीज तिला 'एश्कोला पारोकियाल' म्हणत. आपण तिला चर्चशाळा म्हणू. या शाळेत शेतकऱ्याचा, रेंदेराचा, सुताराचा मुलगा धर्मपाठ, अक्षरे आणि अंक यांच्या जोडीला स्वरलिपी वाचावयास शिके. संगीत हा तिथे हौसेचा विषय नव्हता. पाढ्यांसारखा तो नेमाने घोकून घ्यावयाचा विषय होता. संगीतशिक्षण हाच ज्याचा व्यवसाय, अशा मजसारख्याला या शाळेचे कुतूहल वाटावे यात नवल नाही. पण तिच्या हकीकतीत आपणा सर्वांनाच विचारात घेण्याजोगे पुष्कळ आहे.

आधी तिच्या जन्माची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती काही झाकून न ठेवता सांगितली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या मध्याला, गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा जम बसत असताना, गावोगावच्या चर्चना जोडून मुलांच्या शाळा काढण्यात आल्या. हेतू उघड होता. नव्याने बाटलेल्या कुटुंबांतील मुले नव्या धर्मात मुरावीत आणि चर्चमधील उपासनेला गाणारे गळे मिळावेत, हा तो हेतू. त्याच शतकात, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशन आले आणि मधल्या थोड्या वर्षांचा खंड सोडता १८१२ पर्यंत ते टिकले. १६८४ साली तर व्हाइसरॉयने कोकणी बोलण्यावरच हुकूम काढून बंदी घातली आणि लोकांनी पोर्तुगीज बोलावयास लागण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. तो हुकूम अमलात आला नाही, कारण घराघरातली आई फर्मानाने भाषा बदलत नसते. परंतु राज्यकर्त्यांची मनीषा काय होती ते त्यावरून कळते. देवळे पाडली गेली, देव रातोरात नदीपार अंत्रुजात नेले गेले, हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. चर्चशाळा ही त्याच काळाची लेक आहे. मात्र लेकीने पुढे जो संसार केला तो आईबापांच्या हिशोबाबाहेरचा होता.

या शाळेचा प्राण म्हणजे तिचा मास्तर. पोर्तुगीजमध्ये त्याला 'मेश्त्र' म्हणत. आपल्याकडे सुतारकामाचा आणि गवंडीकामाचा जो 'मिस्त्री' आहे, तो याच शब्दाचा भाऊबंद. मेश्त्र बहुधा गावातलाच असे. त्याचा पगार चर्चच्या फंडातून किंवा गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नातून निघे. पगार बेताचा, काम मात्र अष्टौप्रहर. सकाळी मिस्साला ऑर्गन किंवा व्हायोलिन वाजवावयाचे, मग मुलांना शिकवावयाचे, सायंकाळी गायकवृंदाची तालीम घ्यावयाची, आणि मध्येच कुणाच्या घरी लग्न वा मयत झाली तर तिकडे जावयाचे. शिस्त करडी होती. पोर्तुगीज शाळांतून वापरात असलेली 'पालमातोरी', म्हणजे हातावर मारावयाची लाकडी चपटी, इथेही असे आणि सूर चुकल्याबद्दलही तिचा प्रसाद मिळे.

शिकविण्याची रीत आपल्या रसिकांना रुचेल अशी आहे. मुलाच्या हाती वाद्य आरंभी देतच नसत. आधी 'सोल्फेज'. स्वरांची नावे घ्यावयाची, हाताने मात्रा मोजावयाच्या आणि कागदावरील पाच रेघांवर मांडलेले स्वर तोंडाने म्हणावयाचे. दो, रे, मी, फा, सोल, ला, सी असे सात स्वर. यांतील बहुतेक नावे अकराव्या शतकातील ग्विदो नावाच्या इटालियन साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून बसविली. आपण षड्ज, ऋषभ, गांधार यांची आद्याक्षरे घेऊन सरगम केली, त्यांनी स्तोत्राच्या ओळींची घेतली. मुलाची जीभ आणि कान एकदम तयार करण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो असा की, आपला 'सा' गवयाच्या गळ्याप्रमाणे कोणत्याही पट्टीत बसतो, तर पोर्तुगीज वळणाचा 'दो' एकाच जागी खिळलेला असतो. त्यामुळे तिथला मुलगा कागद पाहून न ऐकलेले गाणे गाऊ शके. आपल्याकडे गुरूच्या तोंडून ऐकल्याशिवाय विद्या येत नाही आणि म्हणून ती खोल जाते. त्यांच्याकडे ती कागदावरून चालत येते आणि म्हणून लांब जाते. दोन्ही रीतींचे गुण वेगळे आहेत.

सोल्फेज पक्के झाले की मुलाच्या हाती व्हायोलिन येई. गोव्याच्या बोलीत त्याला 'रेबेक' म्हणत. युरोपात कधीच मागे पडलेल्या एका जुन्या तंतुवाद्याचे नाव कोकणी माणसाच्या जिभेवर असे टिकून राहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे शिकलेले मुलगा कुठे वापरी? परीक्षेत नव्हे, कारण प्रमाणपत्राची परीक्षा नव्हतीच. तो ते गावात वापरी, आणि शिकल्यापासून आठवड्याच्या आत वापरी. रविवारची मिस्सा असे. नाताळ असे. उपवासकाळात येशूच्या दुःखभोगावरची, संथ चालीची अनेक आवाजांतील गीते असत. गावच्या संताचे फेस्त आले की आधी नऊ दिवसांची नोवेना आणि मग फेस्ताचा मोठा दिवस, ज्याच्यासाठी मुंबईला आणि आफ्रिकेला गेलेली माणसे गावी परतत. आणि मे महिन्यात वाडीवाडीवरच्या क्रुसापुढे 'लादाइन', म्हणजे मातेची लॅटिन नामावली, गायिली जाई. पणत्या आणि मेणबत्त्या लागलेल्या, बायामुले जमलेली, व्हायोलिनवर मेश्त्र किंवा त्याचा एखादा चेला, आणि लॅटिनचा अर्थ ज्यांना सांगता येणार नाही अशी शेतकरी माणसे दोन-दोन, तीन-तीन आवाजांत ती नामावली बिनचूक गाताहेत. शेवटी उकडलेले चणे आणि वडील मंडळींना घोटभर फेणी. एकाने मूळ चाल गावी आणि दुसऱ्याने तिच्या खाली वा वर तिसऱ्या स्वरावरून सोबत करावी, ही गोष्ट आपल्या संगीताच्या स्वभावात नाही. गोव्याच्या खेडुताला मात्र ती अशी अंगवळणी पडली की, घरच्या लग्नात मांडो गातानाही दुसरा आवाज कुणी न सांगता आपोआप लागे, आणि त्याच मांडोला साथीला घोरपडीच्या कातड्याने मढविलेले आपले देशी घुमट असे.

या शाळेची फळे आपण सर्वांनी चाखली आहेत, केवळ झाडाचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते. ब्रिटिश अमदानीत फौजेचे बँड, पोलिसांचे बँड, संस्थानिकांचे बँड, रेल्वेचे क्लब, आगबोटी आणि मूकपटांची थिएटरे, जिथे म्हणून कागद वाचून वाजविणारा हवा असे, तिथे गोवेकर असे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या 'कूड' नावाच्या खाणावळवजा वसतिगृहांत हे वादक उतरत. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिले कोकणी तियात्र झाले तेही याच मंडळींच्या जोरावर. पुढे बोलपट आला. संगीत दिग्दर्शकांना चाल सुचे, पण पन्नास वाद्यांनी एकाच क्षणी काय वाजवावे हे कागदावर उतरविणारा कुणीतरी हवा असे. रेईश मागुश येथे जन्मलेले सेबास्तियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरला वाद्यवृंद चालवीत. मुंबईस आल्यावर शंकर-जयकिशनांच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना त्यांच्या हातची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९२७ सालचे. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. १९४३ साली ते मुंबईस आले, नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागले, आणि १९५८ साली हिंदुस्तानी राग पाश्चात्त्य वाद्यमेळात मांडण्यासाठी त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील ज्या गाण्यावर देश नाचला त्यातले नाव या गुरूचे आहे, हे पुष्कळांना आजही ठाऊक नसते. याच इवल्याशा गोव्याने दुसऱ्या अंगाने, देवळांच्या चौकातून, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई आपल्याला दिल्या, हेही इथे आठवावे. देऊळ असो वा चर्च, गाण्याला गावात रोजचे काम होते म्हणून गाणे वाढले.

मग ही शाळा गेली कशाने? कुणी ती एका दिवसात बंद केली नाही. सरकारी प्राथमिक शाळा वाढत गेल्या तशी अक्षरे आणि अंक तिकडे गेले. चर्चशाळेकडे धर्मपाठ आणि संगीत एवढेच उरले. ज्या शाळेत केवळ गाणे शिकवितात ती शाळा जरुरीची नाही, असे आईबापांना वाटू लागावयास वेळ लागत नाही. शिवाय मेश्त्राच्या पगारात मेश्त्राचे घर चालेना. हुशार चेला मुंबईस गेला तर चारपट मिळवी. १९५२ साली आंतोनियु द फिगैरेदु यांनी पणजीत संगीताची अकादमी काढली, तिचा वारसा पुढे कला अकादमीकडे आला, आणि आजही तिथे पाश्चात्त्य संगीत उत्तम शिकविले जाते. पण खेड्यातून मूल पणजीस नेऊन पोचवावे लागते, ही गोष्ट वेगळी. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि गावोगाव मोफत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. चर्चच्या संस्थांनी चालविलेल्या प्राथमिक शाळा तोवर बहुतांशी आजच्या अर्थाने 'शाळा' झाल्या होत्या, आणि पुढे त्यांच्यासंबंधी वाद पेटला तो माध्यमाचा. १९९० साली गोवा सरकारने मातृभाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा चर्चच्या शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले झाले, तेव्हा त्या पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. मोर्चे निघाले, मंत्रिमंडळे हादरली. भाषेचा प्रश्न खराच मोठा आहे आणि बडोद्यातील मराठी माणसाला त्याची धग वेगळी समजावून द्यावयास नको. परंतु या साऱ्या गदारोळात मेश्त्राच्या जागेवर कोण, हे विचारणारा आवाज फारसा ऐकू आला नाही.

आता आपल्या घरी येऊ. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली. मौलाबक्षांनी देशी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली ती याच शहरात, आणि आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँसाहेब १९५० साली दिवंगत झाले तेही इथेच. गायनशाळा आज विद्यापीठाची विद्याशाखा आहे. एवढी श्रीमंती गोव्याच्या कोणत्याही खेड्याला कधी लाभली नाही. तरीही एक गोष्ट त्या खेड्याकडे होती आणि ती आपल्याकडे राहिली नाही. त्यांच्या मुलाचे गाणे गावाला लागत असे.

आपल्याकडे काय होते ते पाहा. मूल सहा-सात वर्षांचे झाले की आई त्याला गाण्याच्या वर्गाला घालते. प्रारंभिक होते, प्रवेशिका होते, भूपाचे आणि यमनचे छोटे ख्याल तानांसकट पाठ होतात, प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर चढते. आणि त्याच घरी गणपती आले की आरतीला ध्वनिमुद्रिका लावतात. प्रवेशिका झालेली मुलगी टाळ्या वाजवीत मागे उभी असते. पट्टी धरून दे, असे तिला कुणी म्हणत नाही. दहावीचे वर्ष आले की वर्ग सुटतो, आणि सुटल्याची खंत कुणाला वाटत नाही, कारण त्या गाण्यावाचून कुणाचे काही अडलेलेच नव्हते. शिक्षक चांगले नाहीत, मुलांना गोडी नाही, मोबाइलने घात केला, अशी कारणे आपण देतो. त्यांत तथ्य असेल. पण ज्या विद्येला घरात आणि आळीत काम नाही ती विद्या कितीही फी भरून टिकावयाची नाही.

दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात अजून गणेशोत्सव होतात, दत्तजयंतीला पालखी निघते, घरोघर मंगळागौरी आणि सत्यनारायण होतात. प्रत्येक मंडळाने एक गाणारा मास्तर बांधून घ्यावा, आळीतल्या पाच-पंचवीस मुलांना त्याने वर्षभर शिकवावे, आणि शिकविलेले त्या-त्या सणाला त्यांच्याकडून गाऊन घ्यावे. मंडपाच्या रोषणाईवर खर्च होणाऱ्या रकमेतला थोडा हिस्सा मास्तराच्या वेतनाला लागेल. तो जड जाण्याचे कारण नाही. मूल पहिल्या वर्षी बेसूर गाईल. ते आळीने ऐकून घ्यावे. माजोर्ड्याच्या लोकांनीही पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोरांचे पहिले बेसूर व्हायोलिन रविवारी सकाळी निमूटपणे ऐकून घेतलेच असणार.