कुंडीतला काटा आणि काट्यामागचा चीक



कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने कुंडीतल्या झाडावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्र मी शाळेत शिकलेलो नाही. जे थोडे कळते ते पुस्तके वाचून आणि माळीकाम करणाऱ्या मित्रांना विचारून. परंतु हा विषय शेवटी हातांचा आहे, आणि हातांविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

निवडुंग आपल्याला नवा नाही. साताऱ्याच्या डोंगरउतारांवर, जत-आटपाडीच्या माळावर तो पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. मात्र ‘निवडुंग’ या एका नावाखाली आपण दोन निरनिराळी कुळे एकत्र बांधली आहेत. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेतला. तो खऱ्या कॅक्टस कुळातला. त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे युफोर्बियाच्या कुळातले. ओळखण्याची खूण सोपी आहे. टाचणीने टोचून पाहावे. फड्यातून पाण्यासारखा रस येतो. युफोर्बियातून दुधासारखा पांढरा चीक येतो. एकट्या युफोर्बियातच सुमारे २,००० जाती आहेत. त्यांतल्या एका लहानशा जातीला तर आपल्या पाचगणीचेच नाव आहे. ब्लॅटर आणि मॅक्कॅन या अभ्यासकांनी ते दिले.

घराघरांच्या गच्चीवर आज जे काटेरी झाड लाल, गुलाबी, पिवळ्या फुलांनी भरलेले दिसते, तेही याच कुळातले. ख्रिस्ताच्या मस्तकावरील काट्यांच्या मुकुटावरून इंग्रजीत त्याचे नाव पडले. आपले रोपवाटिकावाले त्याला नुसते ‘युफोर्बिया’ म्हणतात. ते मूळचे मादागास्कर बेटावरचे. रेयुनियन बेटाचे एके काळचे गव्हर्नर मिलियुस यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले गेले; १८२१ साली ते फ्रान्समध्ये पोचले होते. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरे तर बारीक फुलांभोवतीची रंगीत पाने होत.

झाड मोठे सोशिक आहे. रोज चार-पाच तास ऊन मिळाले की ते बारा महिने फुलते. कुंडीला तळाशी भोक हवे. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि मूठभर कुजलेले खत एवढे त्याला पुरे. वरची माती बोटभर खोल कोरडी झाल्यावाचून पाणी घालू नये. हे झाड उन्हाळ्यात सहसा मरत नाही. मरते ते पावसाळ्यात, मुळे कुजून. म्हणून आषाढ-श्रावणात कुंडी पागोळ्यांखालून हलवावी. साताऱ्याकडच्या झडीत तर नक्कीच.

नवे रोप करावयाचे तर उन्हाळ्यात वीतभर फांदी कापावी. कापलेले टोक कोमट पाण्यात बुडवून चीक थांबवावा, मग चार-सहा दिवस सावलीत सुकवून फांदी वाळूमिश्रित मातीत लावावी. ओली फांदी लावली तर ती कुजते.

आणि येथेच, फांदी कापण्याच्या क्षणी, धोका सुरू होतो. काटा टोचतो तो दिसतो. चीक लागतो तो लक्षात येत नाही. तो कातडीवर राहिला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर बुबुळाच्या पुढच्या पडद्याला इजा होते. कधी आग लगेच होते, कधी काही तासांनी. दृष्टी दुसऱ्या दिवशी अधिक अंधूक होऊ शकते. वेळेवर उपचार झाले तर बहुधा डोळा बरा होतो. हयगय केली तर दृष्टीवर बेतू शकते. या चिकाने गोगलगायी मरतात, म्हणून रोग पसरवणाऱ्या गोगलगायींवर त्याचे प्रयोगही झाले आहेत. माशांनाही या कुळातला चीक घातक असतो. तेव्हा कात्री माशांच्या हौदात धुवू नये.

एका कारखान्याच्या आवारातली गोष्ट सांगतो. कचेरीपुढे या झाडांच्या कुंड्यांची रांग होती. चैत्राच्या उन्हात माळ्याने उघड्या हातांनी छाटणी केली आणि मनगटाने कपाळाचा घाम पुसला. रात्री दोन्ही डोळे सुजून मिटले. दोन आठवडे तो कामावर येऊ शकला नाही. अपघाताच्या वहीत मात्र नोंद नाही. “काटा लागला असेल,” असे उत्तर मिळाले. त्याच आवारात तेजाबाच्या कॅनवर कवटीचे चित्र होते. कुंडीवर काय होते? काही नाही. माळ्याला कोणी सांगितले नव्हते, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हते.

घरोघरी हेच चालते. झाड मालक विकत आणतो. पाणी घालते, झाडते, वाळल्या फांद्या मोडते ती कामाला येणारी बाई. म्हणून काही नियम सांगतो. छाटताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांवर चष्मा हवा. काम संपेपर्यंत हात तोंडाला लावू नये. चीक नुसत्या पाण्याने नीट जात नाही. हात आणि हत्यार साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि आग थांबली तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. तूप, मध, दूध काही घालू नये. मुलाने फांदी चावली तर तोंड धुवावे, ओकारी काढू नये, दवाखान्यात न्यावे. कुंडी मुलांच्या हाताबाहेर असावी.

कोणी म्हणेल, निवडुंगाचा चीक तर औषधी आहे. खरे आहे. भगंदरावरील क्षारसूत्राच्या धाग्यावर स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगाच्याच चिकाची पुटे चढवतात. पण ते जाणत्या वैद्याचे काम. त्यावरून घरी चामखिळीवर किंवा दातात चीक घालणे हा शहाणपणा नव्हे.

झाड उपटून टाका असे मी सांगत नाही. यंत्र धोक्याचे आहे म्हणून आम्ही कधी यंत्र मोडा म्हटले नाही. त्याला जाळी बसवा, चालवणाऱ्याला शिकवा, एवढेच मागत आलो. येथेही मागणे तेच आहे. आज घरी गेल्यावर कुंडीवर एक चिठ्ठी लावा: ‘चीक विषारी, डोळे सांभाळा.’ आणि ज्यांना वाचता येत नसेल त्यांना, कात्री हातात देण्यापूर्वी, आपल्या तोंडाने सांगा.