उरलेल्या भाताने होणारा आम्लविषार व शिरेतून क्षारजलाचा उपचार

भिवंडी तालुक्यात भातशेतीबरोबरच दुधासाठी म्हशी पाळण्याचा व्यवसाय चालतो. लग्नसराईत उरलेला शिजलेला भात, शिळ्या पोळ्या, पाव इत्यादी पदार्थ जनावरांपुढे पाट्या भरभरून टाकण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते. अन्न वाया जाऊ नये हा हेतू चांगलाच. परंतु अशा मेजवानीनंतर धडधाकट म्हैस दगावणे ही गोष्ट पशुवैद्यकांस अपरिचित नाही.

कोठीपोटात पिष्टमय अन्न एकाएकी फार गेले म्हणजे दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू बेसुमार वाढतात. तेथील रसाचा सामू एरवी ६ ते ७ असतो, तो ५ च्याही खाली उतरतो. हा आंबट रस रक्तातील पाणी ओढून घेतो. पोट डबडबते, शरीर मात्र कोरडे पडते. पुढे आम्ल रक्तात उतरते. जनावर रवंथ थांबविते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, झिंगल्यासारखे चालते. डोळे खोल जातात आणि अखेर ते उठेनासे होते.

क्षारजल शिरेतून देण्याची युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये १८३२ साली डॉ. टॉमस लॅटा यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ व सोड्याचे पाणी याच मार्गाने दिले होते. आम्लविषारात सोडियम बायकार्बोनेटचे निर्जंतुक द्रावण देतात. त्याचा हिशेब असा : जनावराचे वजन ४०० किलो आणि रक्तातील अल्काची तूट लिटरमागे १० मिलिइक्विव्हॅलंट असल्यास, ४०० × ०.३ × १० म्हणजे १,२०० मिलिइक्विव्हॅलंट लागतात. एका ग्रॅम बायकार्बोनेटापासून सुमारे १२ मिळतात. म्हणजे १०० ग्रॅम औषध, अर्थात ५ टक्के द्रावणाचे दोन लिटर. पाण्याची तूट निराळीच. वजनाच्या ८ टक्के पाणी घटले असेल तर ती ३२ लिटर होते. साध्या सलाइनच्या दोन बाटल्या लावून निश्चिंत होणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत. पोट फार भरले असल्यास शस्त्रक्रियेने ते रिकामे करावे लागते.

मात्र, आडवे पडलेले प्रत्येक जनावर आम्लविषाराचेच नसते. युरियाच्या विषबाधेत कोठीपोट उलट अल्कधर्मी होते व तेथे शिरका पाजतात. दुग्धज्वरात कॅल्शियम लागते, आणि ते बायकार्बोनेटात मिसळल्यास साका बनतो. खाण्याचा सोडा घरी पाण्यात कालवून शिरेत सोडणे तर प्राणघातकच होय.

पशुवैद्यक येईपर्यंत पुढचे धान्य काढून घ्यावे, केवळ सुकी वैरण ठेवावी, पाणी एकदम भरपूर पाजू नये. जनावराने काय, किती व केव्हा खाल्ले ते त्यांना नीट सांगावे. वाचलेल्या म्हशीच्या खुरांकडे पुढील काही आठवडे लक्ष ठेवावे. या आजारानंतर खुरांचा दाह होऊन जनावर लंगडू लागण्याचा संभव असतो.