विमानातला रुमाल

मी अद्याप विमानात बसलेलो नाही, एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे मात्र चांगले ठाऊक आहे. म्हणून अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सची हकिकत वाचून नवल वाटले. १९७१ साली सुरू झालेल्या या कंपनीत आसनक्रमांक नसत. आधी चढेल त्याने हवी ती जागा घ्यावी! २००७ पासून प्रवाशांना ए, बी, सी असे गट व १ ते ६० क्रमांक मिळू लागले. उड्डाणाआधी चोवीस तास नोंदणी खुली होई. त्या क्षणाला टपून बसणारा पुढे, विसरणारा दोघांच्या मधल्या आसनावर. २००९ पासून जादा पैसे भरणाऱ्याची नोंदणी आपोआप आधी होऊ लागली. जानेवारी २०२६ मध्ये ही पद्धत संपून आसने ठरवून मिळू लागली.

‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हा नियम वरवर समान दिसतो; पण रांग केव्हा लागते हे ज्याला कळते, तोच प्रथम येतो. कॉलेज-प्रवेशाची शेवटची तारीख आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हती. शेजारच्या गुरुजींनी ती आदल्या दिवशी सांगितली. माझ्यासाठी तो रुमाल त्यांनीच टाकला.